'मेथी' वाचायला अकरा बोटं : फोनिक्सची पार्श्वभूमी

जून जवळ आला की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत 'फोनिक्स क्लास'चे फलक झळकू लागतात. मूल घडाघडा वाचेल अशी हमी, शेजारी हसरा वाघ. हे नवीन काय निघालं, असं पालक विचारतात. नवीन आहे ते नाव. अक्षराचं नाव घोकायला न लावता त्याचा आवाज शिकवायचा आणि आवाजाला आवाज जोडून शब्द वाचायचा, एवढीच ती गोष्ट. 'सी-ए-टी' नाही, 'क्-अॅ-ट्'.

इंग्रजीला याची गरज पडली, कारण तिथे 26 अक्षरांच्या डोक्यावर चाळीसहून जास्त ध्वनींचं ओझं आहे. त्यावरून अमेरिकेत जुंपली. शाळा मुलांकडून शब्द चित्रासारखे पाठ करून घेतात, म्हणून त्यांना वाचता येत नाही, असा आरोप लेखक रुडॉल्फ फ्लेश यांनी 1955 मध्ये पुस्तक लिहून केला. 1967 मध्ये वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी तोवरचं संशोधन चाळून आवाजापासून केलेली सुरुवात सरस ठरते असं मांडलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन वाचनाला संदर्भावरून बांधलेल्या अंदाजाचा खेळ म्हणत होते. पुढे 2000 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने आणि 2006 मध्ये इंग्लंडमधल्या वाचन शिकवण्यावरच्या रोझ अहवालाने फोनिक्सच्या पारड्यात वजन टाकलं. 2012 पासून इंग्लंडमध्ये सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात. त्यातले निम्मे मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे अंदाजाने ठोकता येत नाही.

आपल्याला वाटतं, हा त्यांचा प्रश्न. 'क'चं नाव 'क' आणि आवाजही 'क'. खरं आहे. पण कंठ्य ते ओष्ठ्य हा वर्णमालेचा देखणा क्रम व्याकरणकारांनी लावला, तो सहा वर्षांच्या पोराची सोय बघून नव्हे. पंतोजींच्या शाळेत ओनामा झाला की धूळपाटीवर मुळाक्षरं, मग बाराखडी, आणि ती तोंडपाठ झाल्यावर वाचन. छत्तीस अक्षरं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर रूपं! त्यात 'वि'ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'तला वेगळा.

कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी दुसरीतल्या मुलीसमोर 'मेथी' हा शब्द ठेवला होता. तिने बोटं उघडली. "म, मा, मि, मी, मु, मू, मे." सातव्या बोटावर 'मे' सापडला. मग "थ, था, थि, थी." चौथ्या बोटावर 'थी'. तोवर 'मे' हरवला होता. घरी रोज मेथीच्या जुड्या बांधणारी पोर ती, पण शब्द काही हाती लागला नाही.

या जिल्ह्याला हा प्रश्न फलकांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. 1959 मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ती साताऱ्यातूनच. प्रौढांसाठी होती, अख्खं गाव साक्षर करायचं आणि ग्रामगौरव समारंभ साजरा करायचा. हातात पुढे वाचायला काही नसलं, की शिकलेली अक्षरं पुसली जातात, हे तेव्हाच दिसलं.

नंतरचं काम फलटणला झालं. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेहून 1966 मध्ये फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेबाहेरच्या, बहुतांशी दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. तिथल्या वाचनपद्धतीत मुळाक्षरं सरसकट संपवायची नसतात. थोडी अक्षरं आणि त्यांच्यासोबत लगेच स्वरचिन्हं. समजा म, ल, क आणि काना एवढंच आलं, तरी 'माल', 'काका', 'मामा', 'काल' झाले. आठवड्याभरात मूल आपल्या मनाचं काही लिहू लागतं. याला कुणी फोनिक्स म्हटलं नाही, म्हणून बहुधा त्याचे फलकही लागले नाहीत.

संशोधनही याच वळणावर आलं. संशोधक सोनाली नाग यांच्या 2007 च्या कन्नड वाचनावरच्या अभ्यासात अक्षरज्ञान चौथीपर्यंत पक्कं होत राहतं असं दिसलं, कारण आपल्या लिप्यांत शिकायची रूपंच पुष्कळ. पुढे पालघरच्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या पहिली ते तिसरीच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. वर्ग अक्षरांतच अडकून पडतात, अर्थाकडे आणि मुलांच्या स्वतःच्या लिहिण्याकडे पोहोचत नाहीत, ही त्यातली तक्रार फलटणकरांना ओळखीची वाटली असेल.

मग क्लास कुठून आले? 2000 मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पालकांची धांदल तिथून वाढली. आता या क्लासमध्ये एक मौज चालते. बाई म्हणतात 'क्-अॅ-ट्', मुलं म्हणतात 'क-अॅ-ट'. आपल्या 'क'च्या पोटात 'अ' बसलेला असतो. तो काढायचा तर 'क'चा पाय मोडावा लागतो. मराठीत ते जोडाक्षरांबरोबर येतं, बहुतेकांना दुसरीच्या आसपास. क्लासचा प्रवेश मात्र साडेतीन वर्षांपासून.