नेटकरी

नेटकरी (नाम, पुल्लिंगी) : इंटरनेटवर, त्यातही समाजमाध्यमांवर वावरणारा आणि मत ठोकून देणारा माणूस. ‘नेट’ हा इंग्रजी शब्द व ‘-करी’ हा मराठी प्रत्यय यांचा हा संकर. इंग्रजीतला ‘नेटिझन’ही जोडशब्दच, ‘इंटरनेट’ व ‘सिटिझन’ यांचा. मायकल हॉबन यांनी तो १९९० च्या दशकात रूढ केला. त्यांच्या लेखी त्यात नागरिकाची जबाबदारी होती. मराठीत येताना नागरिक गळाला.

हा ‘करी’ दोन्हीकडचा. वारकरी, संपकरी यांत तो ‘करणारा’, गावकरी या शब्दात ‘राहणारा’. नेटकऱ्यात दोन्ही अर्थ नांदतात. (नोकरीतला ‘करी’ वेगळा, तिथे फारसी ‘नोकर’ला ‘ई’ लागली आहे.) रूपे मात्र शेतकऱ्यासारखी चालतात: ‘लातूरकरांनी’, पण ‘नेटकऱ्यांनी’. मोबाइलवर हा ‘ऱ्य’ अनेकांना सापडत नाही आणि ‘नेटकर्यांनी’ असा रफार चढतो. शेतकऱ्याचेही तेच हाल. शिवाय मराठीत मूळचा ‘नेट’ आहेच, नेट लावून काम करणे यातला. त्या अर्थाने खरा नेटकरी ज्वारी काढणारा म्हणावा लागेल!

असे संकर मराठवाड्याला नवे नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य. दरबारी भाषा आधी फारसी, मग उर्दू. पेशकार, गिरदावर ही महसुली पदे जुन्या माणसांच्या तोंडी पुढेही टिकली. सगळ्या मराठीत रुळलेले ठेवीदार, खंडणीखोर, कामगार हे शब्द पाहिले, तर अंग देशी आणि शेपूट फारसी. नेटकरी याच्या उलटा: अंग परके, शेपूट घरचे. म्हणूनच तो ‘नेटिझन’पेक्षा जिभेवर सहज बसतो.

तरी तो बोलण्यापेक्षा मथळ्यांतच जास्त भेटतो. ‘नेटकऱ्यांनी घेतला समाचार’ हे बातमीतले ठरलेले वाक्य; समाचार घेणारे चारच असले तरी मथळा तोच. लातूर-नांदेडकडे तीच गोष्ट पारावर सांगायची तर ‘लोकायनं लई नावं ठिवली’ एवढ्यात भागते. एकटा ‘नेट’ मात्र दिवसभर तोंडात असतो, बहुधा तक्रारीतच: ‘सकाळपासून नेट चालंना गेलंय.’