एसपीएफ पास, तरी मेल परत का येतो?

मेलिंग लिस्टवरचे मेल सभासदांपर्यंत पोचेनासे झाले की बहुतेक जण आधी एसपीएफची नोंद तपासतात, म्हणजे आपल्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचे याची यादी. ती बरोबर निघते आणि तपास तिथेच भरकटतो. एसपीएफ काय, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) काय, दोन्ही डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनची माहिती देणाऱ्या इंटरनेटवरच्या यादीतल्या, नोंदींवर चालतात आणि पाठवणारा खरा की खोटा हेच पाहतात, म्हणून एक असलं की भागलं असं वाटतं. पण दोघांचं लक्ष वेगवेगळ्या ठिकाणी असतं.

एसपीएफ पाकिटावरचा पत्ता बघतं, म्हणजे मेल परत फिरला तर जिथे जायचा तो. त्या डोमेनने या सर्व्हरच्या आयपीला परवानगी दिली आहे का, एवढंच. आत ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या जागी, कोणाचं नाव आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डीकेआयएम ही मजकुरावर आणि निवडक हेडरांवर (विषय, ‘फ्रॉम’ अशा मेलच्या माथ्यावरच्या ओळींवर) केलेली सही. मेल कुठल्याही वाटेने येवो, सही केलेलं काही बदललं नाही की झालं.

साध्या ऑटो-फॉरवर्डमध्ये पाकिटावरचा पत्ता बहुधा तोच राहतो, सर्व्हर मात्र बदलतो. एसपीएफ फेल, डीकेआयएम शाबूत. लिस्टवर नेमकं उलटं होतं. बाउन्स, म्हणजे न पोचता परत फिरलेले मेल, आपल्याकडे यावेत म्हणून लिस्ट पाकिटावर स्वतःचा पत्ता घालते, त्यामुळे एसपीएफ पास होतं, पण लिस्टच्या डोमेनसाठी. मग ती विषयाआधी ‘[सूचना]’ लावते, तळाशी ‘सभासदत्व रद्द करण्यासाठी’ अशी ओळ चिकटवते, आणि सही मोडते. मोकळ्या जागा कमीजास्त झाल्या तर डीकेआयएमच्या ‘रिलॅक्स्ड’, म्हणजे सैल, पद्धतीत खपून जातं. एक शब्द वाढला तरी नाही.

डीमार्क इथे आडवा येतो. या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, हे डोमेनचा मालक त्यातून सांगतो. दोन्हींपैकी एक तरी पास हवं आणि ते ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळायला हवं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनचं धोरण ‘रिजेक्ट’ (नापास मेल नाकारा) केलं, त्याच महिन्यात एओएलनेही. याहूवरच्या सभासदाने लिस्टवर लिहिलं की इतर ठिकाणचे सर्व्हर तो मेल नाकारायचे, आणि लिस्टचं सॉफ्टवेअर ते बाउन्स मेल घेणाऱ्यांच्या नावावर मांडायचं. ज्यांनी अक्षरही लिहिलं नव्हतं, त्यांचे मेल बंद व्हायचे. मला आजही हे अन्यायाचं वाटतं.

मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याच वर्षी ‘फ्रॉम’ बदलून तिथे लिस्टचा पत्ता घालण्याची सोय पक्की केली. तेव्हापासून नावापुढे ‘व्हाया’ (लिस्टमार्फत) दिसू लागलं. मेल पोचतो, पण लिहिणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मधून जातो आणि उत्तर कोणाला जाईल याचा घोळ होतो. पुढे एआरसी आलं, म्हणजे मूळ तपासणीचे निकाल लिस्टने सहीसह पुढे देण्याची पद्धत, पण त्यात मेल घेणाऱ्या सर्व्हरने लिस्टवर विश्वास ठेवावा लागतो. माझं मत सरळ आहे: विषयाला हात लावू नका, तळटीप काढा. सभासदत्व रद्द करायची लिंक ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ हेडरमध्ये मावते.

लिस्ट सांभाळत असाल तर आज तिच्यावर एक मेल टाका आणि परत आलेल्या प्रतीचं ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ हेडर उघडा; मेल घेणारा सर्व्हर तपासणीचे निकाल त्यात लिहितो. ‘एसपीएफ पास’च्या पुढे कुणाचं डोमेन आहे, ते नीट वाचा.