विलंबित ब्लॉकवाटप आणि डिस्क कोटा

फाइलमध्ये लिहिलेला डेटा आधी पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या पानांमध्ये) ठेवायचा आणि डिस्कवर उतरवायची वेळ आली की मगच त्याला ब्लॉक (डिस्कवरील जागेचे ठरावीक तुकडे) द्यायचे, याला विलंबित ब्लॉकवाटप म्हणतात. लिनक्सवरील एक्स्ट४ आणि एक्सएफएस या फाइलप्रणाली ही पद्धत वापरतात. त्यामुळे सलग जागा एकदम मागता येते, आणि लगेच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलींना बहुधा ब्लॉक लागतच नाहीत.

कोटा, म्हणजे वापरकर्त्याला ठरवून दिलेली जागेची मर्यादा, असला की पेच पडतो. राइट कॉल (फाइलमध्ये लिहिण्याची प्रोग्रामची विनंती) यशस्वी झाला तरी ब्लॉक अजून मिळालेले नसतात. बदललेली पाने साधारण ३० सेकंदांनी उतरवली जातात. कोटा तेव्हा तपासला तर प्रोग्राम बंदही झालेला असेल. नकार कोणाला कळवणार? डेटा गमावला जाईल. म्हणून तपासणी राइटच्या वेळीच व्हायला हवी.

त्यासाठी कोट्यात ‘वापरलेली’ आणि ‘राखीव’ असे दोन आकडे ठेवतात आणि मर्यादा त्यांच्या बेरजेला लावतात. राइट होताना जागा राखून ठेवली जाते. ब्लॉक मिळाले की ती वापरलेल्या आकड्यात जाते. त्याआधीच फाइल छाटली तर सुटते. फाइलचा मालक बदलला तर राखीव जागाही नव्या मालकाच्या नावे जावी लागते, नाहीतर दोघांचेही हिशेब चुकतात.

खरी कठीण बाजू मेटाडेटाची, म्हणजे फाइलप्रणालीच्या स्वतःच्या नोंदींची. फाइलचा डेटा डिस्कवर कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या एक्स्टेंट ट्रीला किती ब्लॉक लागतील ते आधी नेमके सांगता येत नाही. कमाल अंदाजाने राखले तर जागा असूनही वापरकर्त्याला नकार मिळतो. एक्स्ट४ डेटा उतरवताना लागणारे असे ब्लॉक मर्यादा न तपासता कोट्यात मांडते. हार्ड लिमिट (कोट्याची पक्की मर्यादा) किंचित ओलांडली जाते, पण स्वीकारलेला डेटा वाचतो. हाच योग्य सौदा आहे. एक्सएफएस फाइलच्या शेवटापुढे आगाऊ जागा धरून ठेवते आणि तीही कोट्यात मोजली जाते. त्यामुळे कोटा संपल्याची त्रुटी आली की ती जागा सोडून राइट पुन्हा करून पाहिले जाते.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने अपुऱ्या राइटकडे दुर्लक्ष करू नये. ४० केबी शिल्लक असताना ६४ केबी लिहायला दिले, तर राइट ४०,९६० (लिहिलेले बाइट) परत देऊ शकते. ईडीक्वोट ही कोटा संपल्याची त्रुटी, लिनक्सवर बहुधा क्रमांक १२२, पुढच्या कॉलला येते. एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वापरताना) कोटा सर्व्हरकडे असतो, म्हणून ती एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवण्याचा कॉल) किंवा क्लोजपर्यंत (फाइल बंद करण्याचा कॉल) लांबू शकते. दोन्हींची परतकिंमत तपासावी आणि नवा डेटा तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिला असेल, तर त्यानंतरच तिचे नाव बदलून ती जुनीच्या जागी ठेवावी. नाहीतर अर्धवट फाइल चांगल्या फाइलवर बसते. एमॅप केलेल्या (थेट मेमरीत जोडलेल्या) फाइलच्या, ब्लॉक न मिळालेल्या रिकाम्या भागात लिहिताना त्रुटीऐवजी सिगबस सिग्नल येतो, ज्याने प्रोग्राम सहसा बंद पडतो. तिथे फॅलोकेटने (जागा आगाऊ मागण्याचा कॉल) जागा आधीच घ्यावी, म्हणजे नकार तिथल्या तिथे कळतो.

चाचणी साध्या वापरकर्त्याच्या खात्यावरूनच करावी. रूटला (प्रणालीच्या प्रशासक खात्याला) सहसा हार्ड लिमिट लागू होत नाही, त्यामुळे यांपैकी एकही त्रुटी दिसणार नाही.