वाचनीय स्वयंचलित चाचणी

वेब ॲप्लिकेशन ठरल्याप्रमाणे चालते की नाही हे दर वेळी हाताने न तपासता प्रोग्रामकडून तपासून घेणे म्हणजे स्वयंचलित चाचणी. रोजच्या बोलण्यात तिला ‘टेस्ट’च म्हणतात. कोड न येणाऱ्या, पण ॲप्लिकेशन ज्या कामासाठी आहे ते काम जाणणाऱ्या माणसाला ती वाचून “बरोबर आहे” किंवा “हे चुकलं” असे सांगता आले, तर ती वाचनीय. टेस्ट पास होणे आणि टेस्टमधला नियम खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट मशीन सांगू शकत नाही.

विदर्भातल्या कापूस खरेदीचे उदाहरण घेऊ. हमीभाव 8 टक्के ओलाव्याच्या कापसाला पूर्ण मिळतो. 8 च्या वर 12 टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कमी होतो आणि 12 च्या वर गेलेला माल घेतला जात नाही. आमच्या भागातल्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, नोंदणीचे ॲप्लिकेशन लिहिताना मी ‘ओलावा चाचणी 3’ नावाची टेस्ट लिहिली होती. तीत 12 हा आकडा होता, ‘नकार’ हे उत्तर होते आणि ती हिरवी, म्हणजे पास, दाखवत होती. पुढे नाव बदलून ‘12 टक्के ओलाव्याचा कापूस परत पाठवला जातो’ असे केले आणि वजनकाट्याजवळ बसून मालाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरना वाचून दाखवले. ते लगेच म्हणाले, “बारावाला माल वापस नाई जात भाऊ, बाराच्या वर गेला तं जाते.” कोडमध्ये ‘पेक्षा जास्त’ऐवजी ‘इतका किंवा जास्त’ असे चिन्ह पडले होते. टेस्टही माझीच, म्हणून तीही तेच चुकीचे खरे मानून बसली होती. बंडी भरून आलेल्या शेतकऱ्याला त्या एका चिन्हापायी माल घेऊन परत जावे लागले असते. म्हणून सीमेवरच्या टेस्ट सुट्या लिहाव्यात: 8 ला काय, 12 ला काय, 12.1 ला काय. प्रत्येकीचे नाव पूर्ण वाक्य असावे.

ब्राउझर प्रोग्रामने चालवण्याची पद्धत रुळली ती सेलेनियम या साधनामुळे. जेसन हगिन्स यांनी 2004 मध्ये थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत त्याची सुरुवात केली. त्याच परंपरेतला वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला आज्ञा देण्याची ठरलेली पद्धत, 2018 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे मानक झाला. टेस्टचे तीन भाग पाडण्याची शिस्त बिल वेक यांनी 2001 मध्ये मांडली: आधी तयारी, मग कृती, शेवटी पडताळणी. वाचनीयतेसाठी एवढी एक सवय लावली तरी निम्मे काम होते.

अस्लाक हेलेसॉय यांनी 2008 मध्ये आणलेल्या कुकंबर या टेस्टच्या साधनाने हे तीन भाग साध्या वाक्यांत लिहिण्याची सोय केली. त्याची गर्किन ही लेखनपद्धत मराठीतही चालते:

परिदृश्य: ओलावा 12 टक्क्यांहून जास्त
जर शेतकऱ्याची गाडी काट्यावर नोंदली आहे
जेव्हा ग्रेडर ओलावा 12.4 टक्के नोंदवतो
तेव्हा माल स्वीकारला जात नाही
आणि पावतीवर नकाराचे कारण दिसते

‘जर’ वाचल्यावर मराठी कान ‘तर’ची वाट पाहतो, ही त्यातली खोट आहे, ‘परिदृश्य’ही कोणी बोलत नाही. शिवाय प्रत्येक वाक्यामागे कोड जोडावा लागतो आणि तो सांभाळण्याचे काम वाढते. ग्रेडर किंवा सोसायटीचे सचिव ही वाक्ये खरोखर वाचणार असतील, तरच हा खटाटोप करावा. नाहीतर नेहमीच्या कोडमध्येच टेस्टला नीट नाव देणे पुरते.

पडद्यावरचे बटन टेस्टने कसे शोधावे, हा पुढचा भाग. ‘तिसऱ्या चौकटीतल्या दुसऱ्या ओळीतले बटन’ अशा पत्त्याने शोधले, तर वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि मांडणी जरा हलली की टेस्ट मोडते. टेस्टिंग लायब्ररी आणि 2020 मध्ये आलेले प्लेराइट ही टेस्ट लिहिण्याची साधने दिसणाऱ्या मजकुराने शोधण्यावर भर देतात: ‘नोंदणी करा’ नावाचे बटन, ‘गट क्रमांक’ नावाची चौकट. मजकूर बदलला की अशी टेस्टही मोडते, अशी तक्रार होते. माझ्या मते ती मोडलीच पाहिजे. ‘जतन करा’चे ‘सबमिट’ झाले, तर शेतकऱ्यासाठी ते बटन बदललेलेच असते.

आकड्यांनाही नाव लागते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25 च्या हंगामात 7,521 रुपये क्विंटल होता, 2025-26 मध्ये 8,110 झाला. टेस्टमध्ये नुसते 7521 लिहून ठेवले, तर नव्या हंगामात ती लाल होते आणि चूक कोडची की जुन्या भावाची, हे शोधण्यात वेळ जातो. ‘2024-25, लांब धागा’ एवढे शेजारी असले की बघताक्षणी उलगडा होतो.

खेड्यात नेटवर्क डुगडुगते, म्हणून टेस्टमध्ये ‘5 सेकंद थांब’ असे लिहिण्याचा मोह होतो. त्याने टेस्ट कधी पास, कधी फेल होते आणि मग तिच्याकडे कोणी बघतही नाही. ‘पावती क्रमांक दिसेपर्यंत थांब’ असे लिहिले, तर कशाची वाट पाहतो आहोत हे कळते आणि घाईही होत नाही. जास्तीत जास्त किती वेळ थांबायचे याची मुदत मात्र द्यावी.

मराठीची एक खास अडचण आहे. ‘वऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकदा ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरून, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात एकच सापडतो. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणणेही, ही तफावत मिटवत नाही. टेस्टमध्ये दोन्ही शब्द शेजारी ठेवले, तर वाचणाऱ्याला एकच शब्द दोनदा लिहिल्यासारखा वाटतो आणि कोणीतरी त्यातला एक पुसून टाकतो. म्हणून इथे ‘ऱ वापरलेले वऱ्हाडे’ आणि ‘जोडचिन्ह वापरलेले वऱ्हाडे’ अशी नावे द्यावीत आणि टेस्टला ‘कोणत्याही कीबोर्डवरून टाइप केलेले आडनाव यादीत सापडते’ असे म्हणावे.