साइटमॅप वेगळा, प्रॉडक्ट फीड वेगळं

"सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप टाकून महिना झाला, हिरवं 'सक्सेस'ही दिसतंय, मग गूगलच्या शॉपिंग टॅबमध्ये माझा माल का दिसत नाही?" ऑनलाइन दुकानदारांचा हा प्रश्न काही संपत नाही. सर्च कन्सोल हे साइट मालकांसाठीचं गूगलचं साधन, आणि साइटमॅप म्हणजे साइटच्या पानांची सर्च इंजिनांसाठीची यादी. शॉपिंग टॅबसाठी मर्चंट सेंटरला, म्हणजे गूगलच्या दुकानदारांसाठीच्या सेवेला, मालाची माहिती द्यावी लागते. ही मालाची यादी म्हणजेच प्रॉडक्ट फीड. साइटमॅपमध्ये किंमत लिहायला जागाच नसते.

आधी साइटमॅपबद्दल थोडक्यात. पानांच्या पत्त्यांची एक्सएमएल यादी, एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते. शॉपिफाय ती आपोआप बनवतं, वर्डप्रेसही ५.५ आवृत्तीपासून बनवतं. सर्च कन्सोलमध्ये आणि बिंग वेबमास्टर टूल्समध्ये एकदा द्यायची की झालं. 'सक्सेस' म्हणजे फाइल वाचता आली, इतकंच. पानं इंडेक्स झाली, म्हणजे गूगलने शोधासाठी नोंदवली, की नाही, ते वेगळ्या रिपोर्टमध्ये बघायचं.

खरा घोळ होतो तो मोजणीत. साइटमॅपमधली एक नोंद म्हणजे एक पान. फीडमधली एक नोंद म्हणजे गिऱ्हाईक विकत घेऊ शकेल अशी एक वस्तू. कोल्हापुरी चपलेचं एक पान घ्या: ६ ते १० असे पाच नंबर, रंग दोन. साइटमॅपमध्ये याची नोंद एक. फीडमध्ये दहा, प्रत्येकीला स्वतःचा आयडी, किंमत आणि उपलब्धता, आणि दहाही एकाच चपलेच्या आहेत हे कळावं म्हणून सगळ्यांना एकच आयटम ग्रुप आयडी.

हे लक्षात न घेता लोक दोन्हीकडचे आकडे जुळवत बसतात. मग कोणीतरी प्रत्येक नंबर-रंगाचा पत्ता साइटमॅपमध्ये कोंबतो. त्या पानांचा कॅनॉनिकल (मुख्य पान कोणतं ते सांगणारी खूण) मूळ पानाकडेच असतो, त्यामुळे गूगल ती पर्यायी पानं म्हणून बाजूला ठेवतं आणि रिपोर्ट नको त्या नोंदींनी भरतो. उलटी चूक जास्त महाग पडते: फीडमध्ये चपलेची एकच ओळ, 'उपलब्ध' म्हणून. ८ नंबर संपलेला. ८ नंबर हवा असलेला माणूस क्लिक करतो आणि हात हलवत परत जातो. फीड आणि पान यांच्यात किंमत किंवा उपलब्धता जुळली नाही, तर मर्चंट सेंटर ती वस्तू नामंजूरही करतं. शिवाय ३० दिवसांत ताजी न केलेली नोंद बाद होते. म्हणून फीड रोज आपोआप अपडेट होईल अशीच सोय करा. हाताने भरलेल्या शीटवर दुकान चालवू नका.

फीड मंजूर झालं म्हणून पान साध्या सर्चमध्ये येईल, असंही नाही. दोन्ही कामं करावीच लागतात.

आणि साइटमॅपमधल्या 'प्रायॉरिटी'वर (पान किती महत्त्वाचं) वेळ घालवणं कृपया थांबवा. ती आणि 'चेंजफ्रीक' (पान किती वेळा बदलतं) गूगल वाचतच नाही. 'लास्टमॉड' (पान शेवटचं कधी बदललं) वाचतं, पण तारीख खरी असेल तरच. रोज रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारं प्लगइन काढून टाका. दर महिन्याला 'साइटमॅप सबमिशन'चे पैसे मागणाऱ्यांना तर सरळ नाही म्हणा. एकदा दिलेली फाइल गूगल आपणहून पुन्हा वाचतं, आणि पिंग करायची, म्हणजे साइटमॅप बदलल्याचं गूगलला कळवायची, जुनी सोय त्यांनी २०२३ मध्येच बंद केली आहे.