जखमेवरील मधाची मलमपट्टी

जखमेवरील मधाची मलमपट्टी : जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये, किंवा झालेला आटोक्यात यावा, यासाठी मधात भिजवलेले गॉज अथवा मधयुक्त तयार पट्टी बांधण्याची पद्धत. चांदीची संयुगे व आयोडीन यांच्या पट्ट्यांप्रमाणे हीही जंतुरोधक पट्ट्यांत मोडते.

ही पद्धत किती जुनी, याविषयी एकमत नाही. एडविन स्मिथ पपायरस ही इजिप्शियन हस्तलिखित प्रत साधारणपणे इ. स. पू. १६०० च्या सुमाराची मानली जाते. मूळ मजकूर त्याहून पुष्कळ जुना असावा. तीत जखम पहिल्या दिवशी ताज्या मांसाने बांधून पुढे रोज चरबी, मध व तंतूंचा पुंज लावण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात, तर काही तिचे आजचे स्वरूप इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानतात; संहितेत उत्तरकालीन भर पडल्याचे सर्वमान्य असल्याने दुसरे मत अधिक सावध वाटते. तीत व्रणाच्या (जखमेच्या) साठ उपक्रमांत म्हणजे उपचारांत मध व तूप यांचा एकत्र निर्देश येतो. गुग्गुळ, मोहरी, मीठ, कडुनिंबाची पाने व तूप यांची धुरी देऊन व्रणिताचे ‘निशाचरां’पासून रक्षण करण्याचा विधीही आहे. निशाचर म्हणजे सूक्ष्मजंतू, असा अर्थ अलीकडे काही लेखक लावतात. मात्र संहितेतील रक्षाविधी व मंत्र लक्षात घेता तो ओढून आणलेला दिसतो.

मधाची जंतुरोधक क्रिया एका कारणाने होत नाही. त्यात शर्करा सुमारे ८० टक्के व पाणी १७–१८ टक्के असल्यामुळे तो जंतूंतील पाणी शोषून घेतो; त्याची आम्लताही (पीएच साधारण ३.२ ते ४.५) जंतूंना मानवत नाही. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाने (लसीने) मध पातळ झाला, की मधमाशीच्या ग्रंथींतून आलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम कार्यरत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेथोडे तयार होत राहते. जखमेतील कॅटॅलेज हे एंझाइम मात्र ते नष्ट करू शकते. न्यूझीलंडच्या मानुका मधाची क्रिया पेरॉक्साइड काढून टाकल्यावरही टिकते. हे त्यातील मिथिलग्लायॉक्झल या रसायनामुळे घडते, असे २००८ मध्ये दाखवण्यात आले. तापवल्याने एंझाइम निकामी होते, म्हणून वैद्यकीय मधातील क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूचे बीजाणू गॅमा किरणांनी मारतात. दुकानातील बाटलीबंद मधाची ही खात्री नसते.

आधुनिक चाचण्यांपैकी वारंवार उद्धृत होणारी एक सोलापूरची आहे. तेथील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, तर सिल्व्हर सल्फाडायाझिन या चांदीयुक्त मलमाच्या गटात संसर्ग आटोक्यात येण्याचे प्रमाण ७ टक्केच होते. हा फरक डोळ्यांत भरणारा असला, तरी सिल्व्हर सल्फाडायाझिनमुळे जखम भरण्यास विलंब होतो, असे पुढील अभ्यासांतून दिसल्याने जखम किती लवकर भरली याबाबतच्या तुलनेचे श्रेय सर्वस्वी मधाला देता येत नाही. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार (अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा) त्वचेच्या अर्धवट जाडीपर्यंत भाजलेल्या जखमा मधाने रूढ पट्ट्यांपेक्षा काही दिवस आधी भरतात, व शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांनाही लाभ होतो. पायावरील शिराजन्य (शिरांतील रक्तप्रवाहाच्या दोषामुळे होणाऱ्या) व्रणांत मात्र लक्षणीय लाभ आढळलेला नाही. टाके घालून बंद केलेल्या स्वच्छ जखमेत संसर्ग टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना (२०१६) साध्या पट्टीऐवजी कोणतीही प्रगत पट्टी वापरण्याची शिफारस करीत नाही. म्हणजे प्रतिबंधाची बाजू उपचारापेक्षा दुबळी आहे.

मध जखमेवर ओतण्यापेक्षा गॉजमध्ये मुरवणे सोयीचे असते, कारण अंगाच्या उष्णतेने तो पातळ होऊन ओघळतो. वर शोषक घडी ठेवून पट्टी बांधतात. लस जास्त असेपर्यंत पट्टी रोज, पुढे अंतराने बदलतात. गॉज जखमेला चिकटत नसल्याने सोडवताना नवे मांसांकुर ओरबाडले जात नाहीत, मात्र आम्लतेमुळे काही रुग्णांना चुरचुरते. मध अथवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असलेल्यांना ही पट्टी बांधत नाहीत.