लोकांना विचारून ठरलेली वाट : गडचिरोलीतील 'सर्च'ची पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला होता. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटत असे. अशा ठिकाणी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी डिसेंबर १९८६ मध्ये 'सर्च' ही स्वयंसेवी संस्था सुरू केली. तिचा आरंभ तेंदूपत्त्याच्या एका गोदामातून झाला. अभय बंग यांचे बालपण वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात गेले होते, राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या होत्या आणि दोघेही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले होते. पुढे संस्थेची ख्याती झाल्यामुळे हा तपशील अनेकांना पाठ आहे. मात्र संस्थेचे काम ज्या क्रमाने उभे राहिले त्या क्रमाकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते संस्था समजून घेण्यासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे.

सुरुवातीला एक चूक झाली आणि तिची कबुली अभय बंग यांनी स्वतःच अनेकदा दिली आहे. या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून संस्थेने त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष शास्त्रीय दृष्ट्या मोलाचे होते आणि शासनानेही त्यांची दखल घेतली, परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते लोक त्याकडे फिरकले नाहीत. सिकलसेल ही त्यांना स्वतःची अडचण वाटतच नव्हती. तो प्रश्न संशोधकांच्या जिज्ञासेतून आलेला होता. यानंतर आधी लोकांना विचारायचे आणि मग कामाला हात घालायचा, असा संस्थेचा शिरस्ता पडला.

बायकांच्या आजारांचा अभ्यास याच काळातला. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीच्या तक्रारी यांविषयी बायका आपापसात दबक्या आवाजात बोलत, पण सरकारी दवाखान्यात स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया एवढाच होता. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दोन छोट्या गावांतून आलेल्या या आकड्यांनी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य बाळंतपणाच्या पलीकडेही असते, हे दाखवून दिले. पाच वर्षांनी कैरो येथील लोकसंख्या परिषदेत जगानेही हाच मुद्दा अधिकृतपणे स्वीकारला.

पुढचे मोठे काम लहान मुलांच्या मृत्यूंचे होते. त्यांपैकी सुमारे ४० टक्के मृत्यू न्यूमोनियाने होत असल्याचे संस्थेला आढळले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे श्वास मोजावे लागतात, परंतु गावातल्या दाईला अक्षरओळख नव्हती आणि तिची मोजदाद बाराच्या पुढे जात नव्हती. यावर काढलेला तोडगा साधा होता. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या शेजारी मण्यांच्या ओळी असे एक उपकरण तयार केले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचल्यास श्वास फार वेगाने चालत असल्याचे, म्हणजे न्यूमोनिया असल्याचे समजून औषध सुरू करायचे. औषध न मिळालेल्या आजारी मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण १३.५ टक्के होते, ते उपचार मिळालेल्यांमध्ये ०.८ टक्क्यांवर आले.

तरीही महिन्याच्या आतली बाळे दगावतच होती. ग्रामीण चालीप्रमाणे बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत, रुग्णालय दूर असते आणि आजाराचा घाला काही तासांत पडतो. मग उपचारच घरी का नेऊ नयेत? १९९३ पासून ३९ गावांत प्रयोगाची तयारी सुरू झाली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवण्यात आली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण मिळाले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार पिशवीत ठेवणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या करू लागल्या. डॉक्टर नसलेल्या स्त्रीच्या हाती सुई द्यावी का, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात शंका घेतली गेली, आणि ती गैर होती असे म्हणता येणार नाही. मात्र आकड्यांनी तिचे उत्तर दिले. या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती, ती संख्या तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे २५ वर आली, आणि तुलनेच्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही.

या पद्धतीचा स्वीकार देशपातळीवर २०११ मध्ये झाला आणि जबाबदारी आशा कार्यकर्तींकडे आली. त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या सहा-सात भेटी देतात. प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे मात्र त्यांच्या कामात घेतलेले नाही. गावाने सिद्ध केलेली गोष्ट शासनाच्या यंत्रणेत जाताना अशी काही ठिकाणी आक्रसते, आणि स्वयंसेवी संस्थेच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजूही लिहायला हवी.

संस्थेचे रुग्णालय या सर्व कामाच्या आधारावर उभे राहिले. गडचिरोली–धानोरा रस्त्यावरील शोधग्राम या परिसरात ते बांधण्याआधी, रुग्णालयात जायला भीती का वाटते असे आदिवासींना विचारण्यात आले होते. मोठ्या इमारतीत माणूस हरवतो, नातेवाइकांना बाहेर बसवतात, अशी उत्तरे आली. एक उत्तर असेही होते की मेलेल्या माणसाला आपण पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो, मग पांढरे कपडे घातलेली माणसे जीव कसा वाचवणार? म्हणून रुग्णालय पाड्यासारख्या झोपड्यांच्या स्वरूपात आले, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहण्याची सोय झाली आणि दंतेश्वरी देवीचे नाव दवाखान्याला मिळाले. परिसरात देवीची जत्रा भरू लागली आणि आदिवासींची आरोग्य संसदही होऊ लागली. पहिल्या चर्चांमध्ये लोकांनी मलेरियाचा प्रश्न पुढे आणला होता.

दारूचा प्रश्नही लोकांकडूनच आला. स्त्रियांच्या आंदोलनामुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ती कितपत पाळली जाते यावर वाद आहेत, शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठलीही. गडचिरोलीत बंदी टिकून राहिली, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमात शासन, संस्था आणि टाटा ट्रस्ट एकत्र काम करू लागले, यामागे बंदी कागदावरून गावात आणणे हाच मोठा हेतू होता.

अलीकडे लोकांच्या तक्रारींचे स्वरूप बदलले आहे. पाठ-कंबरदुखी, रक्तदाब आणि लकवा हे विषय पुढे येऊ लागले आहेत. नवजात बाळांच्या अभ्यासातील त्याच ८६ गावांतील २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची नोंद तपासली, तेव्हा दर सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला, आणि अशा मृत्यूंपैकी सुमारे ८७ टक्के घरीच झाले होते. एके काळी नवजात बाळे जशी घरात दगावत होती, तशीच आता म्हातारी माणसे दगावत असल्याचे ध्यानात आल्यावर, गावात घरोघरी जाऊन रक्तदाब तपासण्याचे काम प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडे आले.